नृसिंहपंतांची उलटतपासणी

नृसिंहपंत टोकेकरांना नेवाशात कुणी वाईट माणूस म्हटलं नसतं. त्यांनी कुणाचं काही लुबाडलं नाही, कुणाच्या अध्यात-मध्यात पडले नाहीत, तोंडातून कधी अपशब्द काढला नाही. फक्त त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. गवळ्यानं दूध घातलं की ते बोट बुडवून थेंब नखावर धरून बघत. तुपाच्या बरणीवर बाहेरून कोळशाची रेघ ओढत आणि जेवायला बसण्याआधी ती रेघ तपासत. देवळात पुजारी तीर्थ द्यायला आला तरी पंत आधी पळीत डोकावत, मग हात पुढे करत. हा स्वभाव जन्मजात होता की तालुक्याच्या कोर्टात कारकुनी करता करता जडला, कोण सांगणार? साक्षीदारांच्या जबान्या ऐकण्यात आणि उतरवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. शिरस्तेदार होऊन पेन्शनीत निघाले तेव्हा एक विद्या मात्र ते सोबत घेऊन आले. पढवलेला साक्षीदार त्यांना वासावरून कळायचा.

"खरं सांगणारा माणूस अडखळतो," ते म्हणत. "मध्येच थांबतो, आधीचं नंतर सांगतो, डोकं खाजवतो. पढवलेला मात्र घडाघडा बोलतो. कुठं अडकायचं नाव नाही."

त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की पंतांनी सुरुवात केली की त्या निवडलेली मेथी उचलून आत जात.

त्यातून ते लढाईचे दिवस. रॉकेल कार्डावर मिळे, मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालत, नगरच्या किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडलेले. पारावर चार माणसं बोलत बसली आणि पाचवं आलं की चौघं पावसापाण्याच्या गोष्टी करू लागत, कारण पाचवा सरकारी कानाचा असेल ही धास्ती. सगळा जिल्हाच एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत होता. इतरांना हे दिवस जड गेले, पंतांना मात्र मानवले. आपण आयुष्यभर जे सांगत आलो ते आता जगाला पटतंय, असं त्यांना वाटे.

या माणसाला एक लग्न जमवायचं होतं. धाकट्या मुलाचं, रविकांतचं.

थोरल्याच्या, शामकांतच्या वेळी पंत फसले होते. मुलगी तीन इयत्ता इंग्रजी शिकलेली आहे असं सांगून ती दिली गेली, आणि लग्नानंतर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तिला वाचता येईना. बिचारी स्वभावानं गरीब होती. पण पंतांनी तिला इतक्या वेळा ती बाटली वाचायला दिली की शामकांतनं नागपूरकडे बदली मागून घेतली आणि तो बायकोला घेऊन गेला. सणावारालाही त्यांचं येणं होईना. यात आपलं काही चुकलं असं पंतांना वाटलं नाही. चूक तपासात राहिली होती, आणि ती पुन्हा होऊ द्यायची नव्हती.

म्हणून रविकांतसाठी मुली पाहायला सुरुवात झाली तेव्हा पंतांनी आपली एक परीक्षा बेतली. कांदेपोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, मुलीनं सुईत दोरा ओवून दाखवला, की पंत चष्मा पुसत विचारत, "बरं, इंग्रजी 'कीप' या क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग सांगा पाहू."

दिसायला शब्द अगदी साधा. पहिल्या पुस्तकात भेटतो तो. पण पंतांचा हिशेब निराळा होता. नुसतं 'ठेवणे' म्हणून जी गप्प बसेल तिनं अर्थांची वही पाठ केलेली. पुस्तक फळीवर ठेवणं, गाय पाळणं, रात्रभर जागं राहणं, दिलेला शब्द राखणं, हे सगळं इंग्रज माणूस त्या एका शब्दात बसवतो, हे जिला ठाऊक आहे ती खरी शिकलेली. तसा विचार वाईट नव्हता. रविकांत राहुरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा, त्याला पुस्तकाबद्दल बोलणारी बायको मिळावी असं बापाला वाटलं तर त्यात गैर काय? पण परीक्षा घेताना पंतांचा आवाज बदलायचा. समोर नऊवारी सावरत बसलेली मुलगी आहे हे ते विसरत, आणि ती पिंजऱ्यात उभी असल्यासारखे तिच्या चेहऱ्याकडे रोखून बघत.

पहिल्या काही मुली 'ठेवणे'वर अडल्या आणि नापास झाल्या. मग राहुरीची एक मुलगी आली. तिनं ठेवणे सांगितलं, गाय सांगितली, जागं राहणं सांगितलं आणि शेवटी शब्द पाळणंही सांगितलं. पंतांचा चेहरा उजळला. पत्रिका तेवढी जुळेना. पुढच्या महिन्यात शेवगावची मुलगी पाहिली. तिनंही आधी ठेवणे, मग गाय, मग जागं राहणं, मग शब्द, असंच सांगितलं. त्याच क्रमानं, आणि कुठंही न अडखळता. गाईचा रंगसुद्धा दोघींचा एकच, पांढरा.

पंतांच्या मनात पाल चुकचुकली. पोह्यांची बशी अर्धवटच खाली ठेवून ते उठले. दोन्ही स्थळांना नकार गेला.

त्या दिवसापासून त्यांना मुलीपेक्षा फितुराचीच काळजी लागली. आपला प्रश्न बाहेर फुटतो कसा? आधी त्यांनी टांगेवाल्या गोरक्षनाथला धरलं. तो त्यांना गावोगाव नेई आणि मुलीकडच्यांच्या ओसरीवर भाकरी खाई.

"पंत, आमी कशाला कुनाला सांगू?" गोरक्षनाथ म्हणाला. "आमाला त्ये इंग्रजी काय कळतंय? घोड्याला च्यक च्यक म्हनायचं, यवढीच आमची भाषा."

पंतांना हे उत्तर जरा जास्तच सरळ वाटलं. मग मध्यस्थी करणारे विष्णुभटजी. लग्न जमवणं हा त्यांचा धंदा, त्यांना स्थळ बसवायची घाई असणार. पण विष्णुभटजींनी जानव्याला हात लावून शपथ घेतली, आणि शपथ घेणारी माणसं पंतांनी खूप पाहिली होती.

इकडे रविकांत कंटाळला होता. अबोल मुलगा. बापापुढे आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण दिवाळीत तो घरी आला तेव्हा जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाला, "अण्णा, कराचीला लष्कराच्या हिशेबखात्यात जागा निघाली आहे. मला बोलावणं आलंय. या मार्गशीर्षात कुठं जमलं तर मी इथंच राहीन. नाही जमलं तर जाईन."

दमयंतीबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. एक मुलगा नागपूरला गेला तो गेलाच. आता दुसरा समुद्राकाठी, तेही लढाईच्या धामधुमीत. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आता पुरे करा ती परीक्षा. मुलगी चांगली दिसली की हो म्हणा."

"म्हणणारच आहे," पंत म्हणाले. "पण आधी घर धुऊन काढतो."

घर धुऊन काढायचं म्हणजे काय, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घोडेगावचं स्थळ ठरलं होतं. मुलीचे वडील तिथल्या शाळेत मास्तर, मुलगी प्रेमला, नगरला मावशीकडे राहून इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली. जायच्या आठ दिवस आधी पंतांनी कामाला सुरुवात केली. टांग्यात बसल्यावर स्वतःशीच बोलावं तसं ते मोठ्यानं म्हणाले, "यंदा 'कीप' नको, 'रन' विचारावा." विष्णुभटजींना विश्वासात घेऊन सांगितलं, की या वेळी 'गिव्ह'. रविकांतला राहुरीला जाताना सहज सुचल्यासारखं म्हणाले, "'ब्रिंग' कसा वाटतो रे?" आणि दमयंतीबाई पोळपाटावर लाटणं फिरवत असताना त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. घोडेगावला 'टेक' विचारणार आहे."

चौघांना चार शब्द. घोडेगावात जो शब्द घडाघडा येईल त्यावरून फितूर सापडेल. ही युक्ती कोर्टात केली असती तर साहेबानं पाठ थोपटली असती, असं पंतांना वाटलं. आपल्या बायकोला आणि पोटच्या मुलाला आपण या चौघांत धरलं, याचं त्यांना काही वाटलं नाही. तपासात नातं बघायचं नसतं.

आता खरं काय होतं ते सांगायला हवं. दमयंतीबाईंना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दाराआडून 'कीप'ची तपासणी ऐकून ऐकून त्यांना घाम फुटलेल्या मुलींची दया येई. आपल्याला पाहायला आले होते तेव्हा सासऱ्यांनी नुसतं नाव विचारलं होतं, तेही त्यांना सांगता आलं नव्हतं. शिवाय त्यांना घरात एक सून हवी होती. जिच्याशी बोलताना शब्द तोलून टाकावा लागणार नाही असं एक माणूस त्यांना हवं होतं, आणि मुलगा कराचीला जायला नको होता. रतनबाई कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन नेवाशापासून राहुरी-शेवगाव-घोडेगावपर्यंत घरोघर फिरे. ती हात दाबून बांगडी चढवत असताना बायका मनातलं सगळं बोलून टाकत. पंत नापास मुलींना जी उत्तरं ऐकवत ती दमयंतीबाईंनी पांढऱ्या गाईसकट तिला सांगितली होती, आणि रतनबाईनं ती पुढं नेली होती. कासारणीला कुठल्याच माजघरात मज्जाव नव्हता. पंतांनी आयुष्यात सगळ्या पुरुषांचा संशय घेतला, पण ओसरीवरून आत जाणाऱ्या टोपलीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

आणि या वेळी टोपलीतून 'टेक' गेला.

घोडेगावला जाण्याचा दिवस नेमका बाजाराचा निघाला. रस्ताभर बैलांचे कळप, धुरळा, गुरांचे सौदे करणाऱ्या हेडी लोकांची ओरड. टांगा रखडत पोचला. मास्तरांचं घर लहान, पण सारवलेलं, अंगण झाडलेलं. दमयंतीबाई या वेळीही सोबत आल्या होत्या. त्या आत मुलीच्या आईपाशी बसल्या. बाहेर सतरंजीवर पंत, रविकांत, विष्णुभटजी.

प्रेमला आली. सावळी, उंच, हनुवटीवर लहानसा डाग. नमस्कार करून बसली आणि मान खाली न घालता समोर पाहिलं. रविकांतनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ सतरंजीच्या पट्ट्यांकडे.

पंतांनी चष्मा पुसला. "'रन'चा अर्थ आणि उपयोग सांगा."

प्रेमला विचारात पडली. "पळणे," ती म्हणाली. मग थांबली. "पाणी वाहणे, त्यालाही चालतो बहुतेक. नदी वाहते, असं पुस्तकात होतं. आणि... दुकान चालवणे. ते नगरच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, मला नक्की आठवत नाही."

अडखळली, मागंपुढं झाली. खरी साक्ष. पंतांनी 'गिव्ह' विचारला. तिनं देणे सांगितलं, एक वाक्य केलं, आणि आणखी आठवत नाही म्हणाली. 'ब्रिंग'ला आणणे सांगून, 'फेच' आणि त्यात फरक काय, असं तिनं उलट त्यांनाच विचारलं. रविकांत हसला. इतक्या स्थळांमध्ये तो पहिल्यांदाच हसला असेल. आत दमयंतीबाईंनी ते हसू ऐकलं आणि मुलीच्या आईचा हात घट्ट धरला.

"आता 'टेक'," पंत म्हणाले.

"'टेक' म्हणजे घेणे," प्रेमलानं सुरुवात केली. "पुस्तक घेणे. औषध घेणे. निरोप घेणे. काळजी घेणे. वेळ लागणे. फोटो काढणे. मनाला लावून घेणे. गाडीनं जाणे..."

एकामागून एक, न थांबता. पंतांच्या अंगावर सुखाचा काटा आला. त्यांनी हात वर केला.

"पुरे. साक्षीदार पढवलेला आहे."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. विष्णुभटजी खाकरले. प्रेमला मात्र शांतपणे म्हणाली, "हो. 'टेक' विचारणार असं मला कळवलं होतं. म्हणून मी तो तयार केला."

पंत पुढं वाकले. कोर्टात पढवलेल्या साक्षीदारानं असं कबूल केलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "कुणी कळवलं?"

"ते मी सांगणार नाही. त्यांनी माझ्या भल्यासाठी सांगितलं. नाव घेतलं तर त्यांना त्रास होईल."

इथं थांबायला हवं होतं. इथं थांबले असते, मुलीला आशीर्वाद देऊन उठले असते, तर त्या घरात त्याच महिन्यात अक्षता पडल्या असत्या. पण जिंकलेला माणूस थांबत नाही. पंत मांडी बदलून बसले आणि म्हणाले, "नावाची गरजच नाही. टांगेवाल्याला मी 'रन' सांगितला होता. भटजींना 'गिव्ह'. आमच्या चिरंजीवांना 'ब्रिंग'. 'टेक' मी फक्त एकाच माणसाला सांगितला होता, आणि ते माणूस या क्षणी तुमच्या माजघरात बसलं आहे."

आतला बांगड्यांचा आवाज थांबला. विष्णुभटजी खाली बघू लागले. रविकांत बापाकडे बघत राहिला. "मलाही?" तो एवढंच म्हणाला.

"तपासात सगळेच आले," पंत म्हणाले.

मंडळी परत टांग्यात बसली. गोरक्षनाथला दाराशी बसल्या बसल्या सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं घोड्यालाही हाक घातली नाही, नुसता लगाम हलवत राहिला. घरी आल्यावर दमयंतीबाईंनी देवापाशी दिवा लावला आणि मग नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मीच सांगितलं. आधीच्या मुलींनाही मीच कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं असतंत तर तोंडावर सांगितलं असतं. पण तुम्ही विचारलं नाहीत. मला खोटा शब्द देऊन सापळा लावलात. पोळ्या लाटताना माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात बोललात, तेव्हा मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी विश्वासानं सांगताय. मला किती बरं वाटलं होतं, ते तुम्हाला कळायचं नाही."

एवढं बोलून त्या आत निघून गेल्या.

पुढचे काही दिवस पंतांना झोप नीट लागली नाही. फितूर सापडला, पण त्याचा आनंद टिकेना. डोळ्यांसमोर ती उंच मुलगी येई. 'हो, मला कळवलं होतं.' किती सरळ. ज्या माणसासाठी आपण इतकी गावं पालथी घातली, ते खरं बोलणारं माणूस समोर बसलं होतं, आणि आपण त्याला खोटं ठरवून उठून आलो. हे त्यांना हळूहळू उमगत गेलं. शेवटी त्यांनी विष्णुभटजींना बोलावलं.

"घोडेगावला जा. म्हणावं, आमचा होकार आहे. मानपान नको, काही नको, मुलगी आणि नारळ द्या. आणि सांगा, नृसिंहपंतांनी स्वतः होऊन कबूल केलंय, की त्यांचं चुकलं."

विष्णुभटजी चकित झाले. हा शब्द पंतांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते त्याच दिवशी निघाले. रविकांतला पंतांनी सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा जरासा फुलला. कराचीला जायचा दिवस तोंडावर आला होता, तरी तो म्हणाला, "उत्तर येईपर्यंत थांबतो."

विष्णुभटजी चार दिवसांनी परत आले ते ओसरीच्या कडेलाच टेकले. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"मास्तर तयार होते," ते म्हणाले. "हात जोडत होते बिचारे. मुलगीच नाही म्हणाली."

"का?"

"म्हणाली, मुलगा चांगला आहे. सासूबाई तर देवमाणूस आहेत. पण त्या घरात त्यांच्याच शब्दाला मोल नाही, तर माझ्या शब्दाचं काय? मला रोज साक्ष द्यायची नाही, म्हणाली."

पंतांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विष्णुभटजी पदरचं घालून सांगताहेत का, हेही त्यांनी पारखलं नाही. ते उठले आणि ही बातमी बायकोला कशी सांगायची याचा विचार करत आत गेले.

दमयंतीबाई रविकांतची ट्रंक भरत होत्या. धोतरं, सदरे, एक लोकरीचा गळपट्टा, चिवड्याचा डबा. रविकांत परसात तोंड धूत होता, बराच वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"घोडेगावचं..." पंतांनी सुरुवात केली.

"नाही म्हणाली ना," त्या म्हणाल्या. "रतनबाई सांगून गेली परवाच. मी रवीला सांगितलं."

"परवा? मग मला का नाही सांगितलंस?"

दमयंतीबाईंनी हातातल्या सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मी सांगितलं असतं, तर भटजी येईपर्यंत तुम्ही ते खरं मानलं असतंत का?"

पंत खाली बसले. पलंगावरचा एकेक कपडा उचलून ते दमयंतीबाईंच्या हातात देऊ लागले. बाईंनी ते घेतले, ट्रंकेत नीट लावले, पण नवऱ्याकडे पाहिलं नाही.